बिनसहीचं गाणं

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने संगीतावर लिहू नये, असा कायदा अजून तरी झालेला नाही. रिझर्व्ह बँक एवढी परिपत्रकं काढते, पण त्यांतही तसा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही. मी बी. कॉम. आहे आणि तेही वर्ध्याच्या गो. से. कॉमर्स कॉलेजातला. त्यामुळे ‘सा’ कुठे लागतो हे मला कळत नसलं, तरी हिशेब कुठे लागत नाही हे लगेच कळतं. आणि गाण्याच्या बाबतीत, माझ्या मते, प्रश्न शेवटी शिल्लकीचाच असतो. तबला थांबला, पेटी मिटली, रेडिओ बंद झाला, की माणसाच्या खात्यात काय उरतं?

शास्त्रीय संगीताबद्दल मी बोलणार नाही. ते खातं आमच्या हेडकॅशियरकडे आहे. हा गृहस्थ सकाळी तिजोरीसुद्धा विलंबित लयीत उघडतो. त्यांना मी एकदा विचारलं, “साहेब, परिपूर्ण भावगीत कोणतं हो?”

त्यांनी हातातली गड्डी मोजून पुरी केली, तिला रबर लावला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “भावगीत आणि परिपूर्ण? अहो, भावगीत म्हणजे संगीतातली चिल्लर!”

वाक्य त्यांनी टाकलं कुत्सितपणे, पण मला ते फार आवडलं. चिल्लरीची किंमत ज्याला कळत नाही त्याने काउंटरवर बसून दाखवावं. बाजाराच्या दिवशी पेटीत पाचशेच्या नोटा खच्चून भरलेल्या असतात आणि दहा रुपयांच्या नाण्यावाचून सगळं काउंटर ठप्प होतं. दरबारी कानडा ही पाचशेची नोट आहे, मान्य. पण ती भाजीवालीकडे मोडत नाही. चिल्लर मात्र हातोहात जाते, झिजते, कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेली याची कुठे नोंद राहत नाही, आणि जगाचा व्यवहार तिच्यावर चालतो. तर वाचकहो, या लेखाचा विषय चिल्लर हाच आहे. तीन-चार मिनिटांचं, सगळ्यांच्या तोंडी बसलेलं मराठी गाणं. ते परिपूर्ण केव्हा म्हणावं, आणि त्या परिपूर्णतेचं बिल शेवटी कोण भरतं?

या चिल्लरीचा पहिला धातू कुठून आला, हे सांगताना माझी छाती दोन इंच पुढे येते. पुण्याहून नव्हे. (पुण्याच्या वाचकांनी इथे घोटभर पाणी प्यावं.) तो आला बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरहून. तिथे ना. घ. देशपांडे नावाचे एक कवी होते, आणि पोटासाठी वकिली करत होते. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायली आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची रेकॉर्ड निघाली. जोशीही कायद्याचे पदवीधर. मराठी भावगीताचा वाढदिवस त्या रेकॉर्डपासून धरायचा, असा जाणकारांचा रिवाज आहे. म्हणजे आमचं भावगीत दोन वकिलांच्या पोटी जन्माला आलं, आणि तरीही त्यात एकही ‘सबब’ किंवा ‘येणेप्रमाणे’ नाही. याला मी चमत्कार म्हणतो.

गंमत पाहा. ना. घ. देशपांडे जन्मले 1909 साली. जी. एन. जोशीही 1909 चेच. आणि ज्यांच्या खंजिरीने सगळा विदर्भ भजनाला बसवला ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, तेही 1909 चे. त्या वर्षी पावसाने काय पेरलं होतं कोण जाणे! तुकडोजी महाराजांचं नाव इथे ओढून आणलं आहे असं समजू नका. त्यांच्याकडे मला पुढे एका महत्त्वाच्या सहीसाठी जायचं आहे.

‘शीळ’ची आणखी एक नोंद लिहून ठेवण्यासारखी आहे. रेकॉर्ड घरोघर वाजून गेली, आणि ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ नावाचा पहिला संग्रह निघाला तो 1954 साली. म्हणजे पासबुक मिळण्याच्या वीस वर्षं आधीच लोकांनी पैसे काढायला सुरुवात केली होती! पुस्तकाशिवाय, छापील शब्दांशिवाय, एक कविता नुसती कानांवरून गावोगाव फिरली. परिपूर्ण गाण्याचा हा पहिला दाखला.

आता गाण्याच्या मापाविषयी. ती जुनी दहा इंची रेकॉर्ड मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचा मजकूर मावायचा. कवीला विरह असो, बासरी असो, संध्याकाळ असो, जे काय म्हणायचं ते तीन मिनिटांत. आमच्या पैसे काढायच्या स्लिपवर जशी इवलीशी चौकट असते तसंच हे. चौकटीबाहेर सही गेली की स्लिप परत. त्यामुळे मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मध्ये वाद्यांचा छोटा तुकडा असा एक साचाच ठरून गेला.

पुढे मोठ्या रेकॉर्डी आल्या, कॅसेटी आल्या. आता तर मोबाइलमध्ये माणसाने तीन तासांचं गाणं केलं तरी त्याला कोणी अडवणार नाही. पण साचा टिकला तो टिकलाच. याचं कारण मला आर्वीच्या एसटीत सापडलं. मुखडा म्हणजे वर्ध्याचा स्टँड आणि अंतरा म्हणजे आर्वीपर्यंतची फेरी. गाडी निघते, चढ चढते, दोन नवी गावं दाखवते, आपण आता आणखी पुढे कुठेतरी जाणार असं वाटायला लागतं, आणि अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत ड्रायव्हर असा काही वळण घेतो की आपण पुन्हा ओळखीच्या स्टँडवर! ते वळण जमलं की गाणं जमलं. त्या ओळीचं यमक मुखड्याशी जुळतं, सूर वरून उतरत येतो, आणि ऐकणारा गाणाऱ्याच्या अर्धा क्षण आधी मनातल्या मनात मुखडा म्हणून मोकळा होतो. आपण परत येणार हे ठाऊक असूनही परत आल्याचा आनंद व्हावा, ही सोपी गोष्ट नाही. पगाराची तारीख ठाऊक असतेच, तरी खात्यात पगार जमा झाल्यावर बरं वाटतंच की नाही?

पण माप आणि वळण ही झाली कागदपत्रं. ती पुरी असली म्हणून कर्ज मंजूर होत नाही. खरी परीक्षा पुढेच आहे.

आमच्या शाखेतले दप्तरी सेवानिवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ ठेवला होता. हार, श्रीफळ, गोरसपाकाचा डबा, भाषणं, सगळं यथासांग. मग कर्जविभागातल्या एका उत्साही सहकाऱ्याने माइक हाती घेऊन ‘मालवून टाक दीप’ सुरू केलं. शब्द सुरेश भटांचे. म्हणजे आमच्या शेजारच्या अमरावतीचे. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. गाणं थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण हृदयनाथांची चाल म्हणजे चिखलदऱ्याचा घाट. गाडी कोणाची आहे आणि चालवतो कोण, यावर सगळं अवलंबून. आमचा सहकारी दुसऱ्याच वळणावर असा काही घसरला की लोक खुर्च्या धरून बसले. आणि तेवढ्यात हॉलमधले दिवे गेले. गाण्यातली विनंती गाणं पुरं होण्याआधीच मान्य झाली होती!

अंधारात सगळे गप्प. माइक मेलेला, पंखे बंद. तेव्हा कोणीतरी दप्तरींना म्हणालं, “काका, आता तुम्हीच म्हणा एखादं.” दप्तरी म्हणाले, “मले कुठी येते बाप्पा?” आणि असं म्हणतच त्यांनी ‘ऐरणीच्या देवा’ सुरू केलं. आवाज जाडाभरडा, सूर जेमतेम, ताल मांडीवर. दुसऱ्या ओळीला मागून चार बायका मिसळल्या. अंतऱ्याला सगळा हॉल. हेडकॅशियरसुद्धा गात होते. अंधार असल्यामुळे त्यांना ते शक्य झालं असावं. एकाही माणसाला सगळे शब्द येत नव्हते, पण सगळ्यांना मिळून सगळे शब्द येत होते.

नंतर चहा घेताना मी त्यांना विचारलं, “काका, चांगलं गाणं कोणतं?” ते म्हणाले, “साहेब, जे म्हनताना आपल्यासारख्या मानसाले लाज नाही वाटत, ते गानं चांगलं.”

समीक्षेची जाड पुस्तकं मी चाळलेली आहेत. त्यांत याच्याइतकी नेमकी व्याख्या मला दिसली नाही. थोर गाणं आणि परिपूर्ण गाणं यांत फरक आहे, तो इथे. थोर गाण्याला थोर गळा लागतो. ते आपण ऐकावं आणि कृतज्ञ राहावं. परिपूर्ण गाणं मात्र बेसुऱ्याच्या हाती पडलं तरी मोडत नाही. ते त्याला धरून नेतं. त्यात आपल्यासाठी रिकामी जागा ठेवलेली असते, पॅसेंजर गाडीत कोणीतरी सरकून बसतं आणि म्हणतं, “या ना भाऊ, बसा,” तशी.

आता त्या गाण्याची कागदपत्रं तपासू. चित्रपट ‘साधी माणसं’, साल 1965, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. एका लोहाराच्या घरची गोष्ट. गीत जगदीश खेबुडकरांचं, आणि खेबुडकर शाळामास्तर. गायिका लता मंगेशकर. संगीतकार ‘आनंदघन’. हे आनंदघन कोण? तर पुन्हा लताबाईच! गाण्याने देशभर नाव कमावलेल्या बाईंनी चाली मात्र टोपणनावाने दिल्या. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. मला या गाण्यात आवडतं ते हे, की लताबाईंसारखा गळा हाताशी असूनही चाल देताना त्या गळ्याची मिजास कुठे दाखवलेली नाही. लोहाराच्या बायकोने भाता ओढता ओढता म्हणावं इतकंच त्यात आहे. श्रीमंत माणसाने गरिबाघरी जेवायला बसावं आणि तूप मागू नये, तसं.

परिपूर्ण गाण्याचा तिसरा गुण सांगतो. त्यात एक तरी शब्द आपल्याला न कळणारा असावा. उदाहरणार्थ ‘मी डोलकर’. शब्द शान्ता शेळके यांचे, संगीत हृदयनाथांचं. (घाटवाल्यांनाही कधी कधी सपाट रस्ता आवडतो.) गळे लताबाईंचे आणि हेमंतकुमारांचे. आता आमचा वर्धा जिल्हा समुद्रापासून किती दूर आहे, हे नकाशावर पाहा. आमच्याकडे समुद्र म्हणून जे काही आहे ते समुद्रपूर, आणि तिथेही फक्त तहसील कचेरी आहे. तरीपण हिंगणघाटपासून कारंजापर्यंत एकही लग्न, एकही गॅदरिंग या कोळीगीताशिवाय पार पडत नाही. ज्यांनी जन्मात लाट पाहिली नाही अशा पोट्ट्यापोट्टींनी कमरेला ओढण्या बांधून होड्या हाकलेल्या मी पाहिल्या आहेत. मीही एकदा हाकली आहे. नांगर टाकायला जागा मिळेना, हा भाग वेगळा.

तर त्यातला ‘डोलकर’ म्हणजे कोण? आमच्याकडे सर्वांचा समज असा, की जो डोलतो तो डोलकर. लाटेवर डोलतो, आनंदात डोलतो, किंवा अन्य कारणाने डोलतो. खरं म्हणजे ‘डोल’ हे कोळ्यांचं एक जाळं आहे. मोठ्या पिशवीसारखं, भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवायचं. ते लावणारा तो डोलकर. हे कळल्यावर मी मोठ्या उत्साहाने शाखेत सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या गॅदरिंगला पूर्वीसारखेच डोलले. बरोबर आहे त्यांचं. गाण्याने अर्थ चुकीचा लागू दिला, पण आनंद बरोबर तेवढाच दिला. एक पैसा कमी नाही. ज्या गाण्याचा अर्थ चुकला की आनंदही चुकतो, ते गाणं अजून कवितेच्या वहीतून बाहेर पडायचं आहे असं समजावं.

माझ्या आवडीच्या यादीत आणखी एक नोंद आहे, आणि ती थोडी प्रांताभिमानाची आहे. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की पुलगाव, धामणगाव, बडनेरा ओलांडल्यावर मूर्तिजापूर लागतं. त्या एका गावाने आपल्याला कवी अनिल दिले आणि वसंतराव देशपांडेही दिले. अनिलांचं ‘कुणी जाल का’ यशवंत देवांनी चाल लावून वसंतरावांकडून गाऊन घेतलं. मूर्तिजापूरचे शब्द आणि मूर्तिजापूरचाच गळा! आमची गाडी तिथे दोन मिनिटं थांबते. माझ्या मते त्या दोन मिनिटांत प्रवाशांनी डब्यात उभं राहायला हरकत नाही. वसंतरावांविषयी मला अधिक जिव्हाळा वाटतो, कारण हा माणूस वर्षानुवर्षं पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होता. म्हणजे आमच्याच जातीचा, हिशेबनिसाच्या. दिवसभर आकडे लिहून माणूस संध्याकाळी असं गाऊ शकतो, याचा मी आमच्या मॅनेजरसाहेबांना अनेकदा दाखला दिला आहे. त्यांनी दरवेळी माझ्या टेबलावरच्या पडून राहिलेल्या व्हाउचरांकडे बोट दाखवून तो निकालात काढला.

आणि चौथी नोंद आमच्या कॉलेजच्या दिवसांतली. 1998 साली ‘गारवा’ आला. शब्द सौमित्रचे, संगीत आणि गाणं मिलिंद इंगळेचं. वर्ध्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कूलर घ्यायची ऐपत नसलेल्या होस्टेलच्या पोरांनी ती कॅसेट लावून उन्हाळा काढला. आमच्या सौ. म्हणतात की कूलरपेक्षा कॅसेटचा आवाज कमी होता. त्या ‘गारवा’त एक नवी गोष्ट होती, की गाण्याच्या मध्येमध्ये कवी स्वतःच्या आवाजात कविता म्हणत होता. ते मला तेव्हा नुसतं आवडलं होतं. का आवडलं, ते आता बँकेत इतकी वर्षं सह्या तपासल्यावर कळतं आहे.

इथे मी त्या महत्त्वाच्या सहीकडे येतो.

परिपूर्ण गाणं सगळ्यांचं होतं, बेसुऱ्यालाही म्हणता येतं, चुकीच्या अर्थानेही आनंद देतं. छान. पण ते सगळ्यांचं झालं की ज्याने केलं त्याचं राहतं का? ‘ऐरणीच्या देवा’ म्हणणाऱ्या त्या हॉलमधल्या लोकांना मी नंतर विचारलं की हे लिहिलं कोणी? “लताबाईंनी” हे उत्तर बहुमताने आलं. एकाने “पारंपरिक” असं सांगितलं. कवीचा याहून मोठा गौरव नाही आणि याहून मोठा तोटाही नाही!

आमच्या संतांना हा धोका शेकडो वर्षांपूर्वी कळला होता. म्हणून त्यांनी अभंगाच्या शेवटी नाव घालायची व्यवस्था केली. नामदेव घ्या, तुकोबा घ्या, चोखोबा घ्या. शेवटच्या चरणात नाममुद्रा हजर. उर्दू गझलवालेही शेवटच्या शेरात आपलं नाव गुंफतात. आणि आमचे तुकडोजी महाराज विसाव्या शतकात, लाउडस्पीकरच्या जमान्यात खंजिरी वाजवत होते, तरी भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ ही सही सोडली नाही. ही सही वेगळ्या कागदावर नसते. ती चालीतच विणलेली असते. भजन म्हणायचं म्हणजे कवीचं नाव घ्यावंच लागतं. ते गाळलं तर मात्रा कमी पडतात. याहून पक्की सही मी कुठल्या चेकवर पाहिलेली नाही. आता तुकोबांच्या नावावर इतरांनीही अभंग करून खपवले, म्हणजे बनावट सह्या तिथेही झाल्या. पण बनावट सही मोठ्या खातेदाराचीच होते.

भावगीताच्या कवीने मात्र सही केली नाही. त्याने ती रेकॉर्डच्या लेबलावर सोपवली. पुढे ते काम रेडिओने केलं. आकाशवाणीची निवेदिका गाणं लावण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं सांगायची. आमच्या लहानपणी आम्ही ती नावं गाण्याचाच भाग समजून पाठ केली. 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी झाली. त्या वेळी गदिमा आणि बाबूजी ही दोन्ही नावं घरातल्या माणसांसारखी झाली, याचं श्रेय त्या निवेदनालाही आहे. आता गाणं मोबाइलवर येतं. वर नायिकेचा फोटो असतो, खाली ‘फुल साँग’ लिहिलेलं असतं, आणि कवी कुठे? शोधा म्हणजे सापडेल, तेही नशीब असेल तर.

कायद्याचं म्हणाल तर कायदा बरा आहे. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ना. घ. देशपांडे 2000 साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांची मुदत 2060 च्या अखेरीला संपेल. त्या जुन्या रेकॉर्डवरचा हक्क मात्र केव्हाच संपला. आवाज मोकळा झाला आणि शब्द अजून मुदतठेवीत आहेत! 2012 साली कायदा दुरुस्त झाला आणि गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्याच्या कमाईतला वाटा राखून ठेवला गेला. उत्तम झालं. पण पैशाचा वाटा कायदा देईल, नावाचा वाटा कोण देणार?

आमच्याकडे एखाद्या ठेवीला दहा वर्षं कोणी विचारलं नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जाते. 2014 पासून तशी व्यवस्था आहे. लोकांना वाटतं पैसे बुडाले. बुडत नाहीत. वारसाने येऊन योग्य ते नाव सांगितलं, कागद दाखवला, की ते परत मिळतात. माझ्या मते आपली निम्मी गाणी अशीच त्या फंडात जाऊन पडली आहेत. व्याज सगळा महाराष्ट्र खातो आहे, फक्त खातेदाराचं नाव कोणी घेत नाही. घ्यायला खर्च काही नाही. व्याजाची थोडी चाड असली म्हणजे झालं.

हे सगळं मी आमच्या कन्येला सांगितलं. ती दहावीत आहे आणि तिच्या मते माझी गाणी बैलगाडीच्या वेगाने जातात. तिने विचारलं, “बाबा, मग ‘झिंगाट’ परिपूर्ण आहे का?” तिला वाटलं मी चिडेन. मी तिला दप्तरींची परीक्षा लावून दाखवली. म्हणताना लाज वाटते? कोणालाच नाही, उलट ज्यांना वाटायला पाहिजे त्यांनाही नाही. बेसुऱ्याला चालतं? अहो, बेसुऱ्यासाठीच केलं आहे. वळण? मुखडा येण्याआधी पाय उचलले जातात. न कळणारा शब्द? खुद्द ‘झिंगाट’! 2016 साली ‘सैराट’ आला आणि दोन वर्षांनी ‘धडक’ या हिंदी चित्रपटात हेच गाणं गेलं. बाकी शब्द हिंदीत नवे लिहिले, पण ‘झिंगाट’ला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. तो शब्द जसाच्या तसा ठेवला. मराठीचं हे नाणं हिंदीच्या काउंटरवर न मोडता चाललं. सबब ‘झिंगाट’ परिपूर्ण, असा मी निकाल दिला. कन्येला आनंद झाला आणि हेडकॅशियरांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याच सहीने शाखेच्या अंताक्षरीसाठी नवा नियम निघाला. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, पण तसं तोंडाने म्हणणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. नियम असा: प्रत्येकाने गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं सांगायची. सांगितली तर पूर्ण गुण, न सांगितल्यास अर्धा. नियम लागू झाल्यापासून आमच्या शाखेत शान्ता शेळके, खेबुडकर, यशवंत देव, अनिल यांची नावं व्हाउचरांच्या ढिगाऱ्यातून अधूनमधून ऐकू येतात. काउंटरपलीकडचे खातेदार दचकतात आणि मग “हे गाणं त्यांचं होय?” असं विचारतात. ‘शीळ’ची नावं अजून एकट्या हेडकॅशियरांनीच बरोबर सांगितली आहेत, तीही पुटपुटत, नोटा मोजता मोजता. भावगीताचा कवी आपल्याला ठाऊक आहे हे कोणाला कळू नये म्हणून.

एकच अडचण झाली आहे. आमचा नवा शिपाई दरवेळी ‘झिंगाट’च घेतो. गीत अजय-अतुल, संगीत अजय-अतुल, आवाज अजय-अतुल. एकच नाव तीनदा सांगून पोट्टा पूर्ण गुण घेऊन जातो, आणि नियमात त्याला अडवायला कुठलीही तरतूद नाही.